केदारकंठाच्या थंडीसाठी जॅकेट निवडताना

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही आणि तुमच्या आई उत्तराखंडमधल्या केदारकंठा शिखरावर जाणार आहात, दोघांचाही हा हिमालयातला पहिलाच हिवाळी ट्रेक आहे, आणि पुण्यातल्या दुकानात दोन जॅकेटांपाशी तुमचा निर्णय अडला आहे. एकावर उणे दहा अंशांचा आकडा छापलेला आहे आणि ते जाड, वजनदार आहे. दुसरे ८०० फिल पॉवरचे (या आकड्याचा अर्थ पुढे सांगतो) डाउन, म्हणजे पक्ष्यांची मऊ लव भरलेले जॅकेट आहे, पण ते इतके हलके आहे की त्यातून खरोखर ऊब मिळेल यावर आईंचा विश्वास बसत नाही. एडिनबर्गला राहणाऱ्या तुमच्या भावाला तेच जॅकेट स्कॉटलंडच्या डोंगरांत चालेल का, असेही तुम्ही विचारले आहे. गेली अठरा वर्षे मी हिवाळ्यात उत्तराखंड, हिमाचल आणि लडाखमध्ये गट घेऊन जात आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुम्ही डाउन घ्यावे, मात्र ८०० हा आकडा पाहून घेऊ नये. आईंसाठी तुमच्यापेक्षा एक पायरी अधिक भरणाचे घ्यावे. आणि भावाने डाउनच्या वाटेला जाऊ नये. यामागची कारणे नीट समजली, तर दुकानात तुमच्यापुढे तिसरेच एखादे जॅकेट आले तरी निर्णय घेता येईल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

जॅकेट स्वतः ऊब निर्माण करत नाही. आपल्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता अडवण्याचे काम स्थिर हवा करते, आणि ती हवा जागच्या जागी धरून ठेवणे एवढेच आतल्या भरणाचे काम असते. पूर्वी घरातली कापसाची गादी दर काही वर्षांनी पिंजाऱ्याकडे का दिली जाई, हे तुमच्या आईंना नक्की आठवत असेल. कापूस तोच, वजनही तेच, पण वर्षानुवर्षे दबून गेलेली गादी थंडीत गार लागते आणि पिंजून फुगवली की पुन्हा उबदार होते. फरक फक्त तंतूंमध्ये अडकलेल्या हवेचा असतो. डाउन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरच्या पिसांखालची मऊ लव. ती अत्यल्प वजनात जॅकेटांच्या इतर नेहमीच्या भरणांपेक्षा जास्त हवा धरून ठेवते. १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या गिर्यारोहकाने फुग्याच्या, म्हणजे हवेत उडणाऱ्या बलूनच्या कापडात आयडर बदकाची लव भरून कोट शिवून नेला होता. लोकर आणि ट्वीड घातलेल्या त्याच्या सहकाऱ्यांनी आधी त्या कोटाची थट्टा केली आणि वर गेल्यावर त्यांनाच त्याचा हेवा वाटू लागला. त्यामुळे हातात घेतल्यावर जड लागणारे जॅकेट जास्त उबदार असेल, ही आपल्या मनात पक्की बसलेली समजूत प्रथम बाजूला ठेवायला हवी.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, जो दुकानदार सहसा सांगत नाहीत. हे जॅकेट चालताना घालायचे नसते, थांबल्यावर घालायचे असते. शांत बसलेल्या माणसाचे शरीर साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकते. पाठीवर सॅक घेऊन चढ चढताना हेच प्रमाण ४०० ते ६०० वॅटपर्यंत जाते. म्हणजे चढताना तुमच्या अंगातच चार-सहा माणसांची ऊब असते आणि त्या वेळी जाड जॅकेट घातले तर घाम येणे अटळ असते. तो घाम आतल्या कपड्यांत आणि जॅकेटच्या भरणात मुरतो. पाणी स्थिर हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे तुम्ही थांबताच तेच ओले कपडे अंगातली ऊब ओढून घेऊ लागतात.

काही वर्षांपूर्वी केदारकंठाच्या शिखरचढाईच्या रात्री आमच्या गटातील एक तरुण साडेतीन वाजता तंबूतून निघाला तो डाउन जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावूनच. तंबूबाहेरची थंडी पाहता त्याचे वागणे स्वाभाविकच होते, पण मी त्याला तिथेच अडवायला हवे होते आणि अंधारात, निघण्याच्या गडबडीत, माझ्याकडून ते राहून गेले. दोन तासांनी कड्याच्या धारेवर वाऱ्यात आम्ही थांबलो तेव्हा त्याच्या पाठीवरची लव घामाने गोळा होऊन कप्प्यांच्या तळाशी बसली होती. जगातले चांगल्यातले चांगले भरण अंगावर असूनही तो थडथड कापत होता. शेवटी माझ्या सॅकमधले कोरडे फ्लीस, म्हणजे लोकरीसारख्या मऊ सिंथेटिक कापडाचा थर, आणि जादा जॅकेट घालून, गरम पाणी पाजून त्याला एका गाइडबरोबर खाली पाठवावे लागले. त्या पहाटेपासून निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या अंगावरचे थर मी स्वतः तपासतो. निघताना थोडीशी थंडी वाजत असेल, तरच थर बरोबर आहेत असे समजावे. पंधरा-वीस मिनिटांच्या चढानंतर ती वाजत नाही.

म्हणून तुमची रचना अशी असावी: अंगालगत घाम शोषून न ठेवणारे सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचे थर्मल, त्यावर मध्यम जाडीचे फ्लीस, आणि वारा किंवा बर्फ असेल तर सगळ्यांत वर एक पातळ, वारा अडवणारे कवच. चालताना एवढेच पुरते. डाउन जॅकेट सॅकमध्ये अगदी वरच्या बाजूला, हात घालताच मिळेल असे ठेवावे, आणि विश्रांतीसाठी थांबलो की घाम निवण्याची वाट न पाहता लगेच बाकीच्या थरांवर चढवावे. सुती बनियन आणि सुती टी-शर्ट पुण्यातच ठेवून या. घाम पिऊन बसलेला सुती कपडा बर्फात फार त्रास देतो.

आता त्या उणे दहाच्या आकड्याविषयी. स्लीपिंग बॅगांच्या तापमानाचे आकडे ठरवण्यासाठी आयएसओ २३५३७ ही आंतरराष्ट्रीय कसोटी आहे. ट्रेकिंगच्या जॅकेटांसाठी अशी सर्वांनी स्वीकारलेली कसोटी प्रचलित नाही, त्यामुळे जॅकेटवरचा आकडा हा बहुतेक वेळा कंपनीचा स्वतःचा अंदाज असतो. तो माणूस चालत असेल, आत आणखी दोन थर असतील आणि वारा नसेल, असे गृहीत धरून काढलेला असू शकतो. केदारकंठाचे शिखर सुमारे १२,५०० फुटांवर आहे आणि पायथ्याचे सांक्री सुमारे ६,४०० फुटांवर. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश या हिशेबाने शिखरावर सांक्रीपेक्षा बारा अंशांनी अधिक थंडी असणार. पहाटे शिखराजवळ उणे दहा असेल आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे वीसइतकी बोचते. सूर्योदयाची वाट पाहत वर बसलेल्या माणसाला या थंडीत जे हवे असते, ते लेबलवरच्या आकड्यातून कळत नाही.

त्याऐवजी दोन गोष्टी एकत्र पाहाव्यात: फिल पॉवर आणि भरणाचे वजन. फिल पॉवर म्हणजे एक औंस, अर्थात सुमारे २८ ग्रॅम डाउन मोकळे सोडले असता किती घनइंच जागा व्यापते, त्याचा आकडा. तो लवेचा दर्जा सांगतो. जॅकेटमध्ये ती लव किती भरली आहे, हे सांगत नाही. ८०० फिल पॉवरच्या जॅकेटमध्ये १०० ग्रॅम डाउन असेल तर त्याचा एकूण फुगवटा सुमारे २,८०० घनइंच, म्हणजे ४६ लिटर होतो. ६०० फिल पॉवरच्या जॅकेटमध्ये १८० ग्रॅम असेल तर तोच फुगवटा सुमारे ३,८०० घनइंच, म्हणजे ६२ लिटर होतो. दुसरे जॅकेट वजनाने जास्त भरेल, सॅकमध्ये जास्त जागा घेईल, पण शिखरावर जास्त ऊब तेच देईल, आणि बहुधा त्याची किंमतही कमी असेल. तुम्ही पाहिलेले ८००चे जॅकेट मुठीत मावते आहे, यावरूनच त्यात भरण कमी असावे असा मला संशय आहे. दुकानदाराला भरणाचे वजन विचारा. त्याला माहीत नसेल तर कंपनीच्या माहितीत शोधा, आणि तिथेही ते दिलेले नसेल तर ते जॅकेट सोडून द्या. डिसेंबरच्या केदारकंठासाठी, आत थर्मल आणि फ्लीस धरून, ७०० ते ८०० फिल पॉवरचे १२० ते १५० ग्रॅम भरण तुमच्यासाठी योग्य ठरेल, असे माझे मत आहे. आईंसाठी मी १८० ग्रॅमच्या आसपासचे घेईन. वयापेक्षाही याचे कारण त्यांच्या चालीत आहे: जो सावकाश चढतो त्याचे शरीर कमी उष्णता तयार करते आणि त्याला थांबावेही जास्त वेळा लागते. लडाखमधल्या गोठलेल्या झंस्कार नदीवरून जाणाऱ्या चादर ट्रेकला, जिथे रात्री उणे पंचवीसपर्यंत पारा उतरतो, यातले काहीच पुरणार नाही. तिथे याच्या दुप्पट भरणाचे जॅकेट लागते.

लेबलवर ९०-१० किंवा ८०-२० असेही लिहिलेले आढळते. त्यातला पहिला आकडा मऊ लवेचा आणि दुसरा काडी असलेल्या बारीक पिसांचा असतो. ८०-२० पेक्षा खाली जाऊ नये. फुगीर दिसणाऱ्या पण केवळ साधे पॉलिस्टर भरलेल्या स्वस्त जॅकेटांवरही मोठ्या अक्षरांत डाउनसदृश शब्द छापलेले असतात, म्हणून आतल्या बाजूची शिवलेली पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हाताने पारखायचे असेल तर जॅकेट घट्ट गुंडाळून दोन मिनिटे दाबून धरावे आणि सोडावे. चांगले डाउन डोळ्यांदेखत फुलून येते. दाबताना तळहाताला बऱ्याच काड्या टोचल्या, तर त्यात लवेपेक्षा पिसेच जास्त आहेत असे समजावे.

डाउनचा एकच मोठा दोष आहे आणि तो गंभीर आहे: ते भिजले की आपला फुगवटा, आणि त्याबरोबर जवळजवळ सगळी ऊब, गमावते; शिवाय डोंगरात ते वाळत नाही. सिंथेटिक भरणाचे तसे नसते. १९८० च्या दशकात अमेरिकी लष्कराला पाण्यात निकामी न होणारा डाउनचा पर्याय हवा होता आणि त्यातून प्राइमालॉफ्टसारखे तंतू तयार झाले. ते तेवढ्याच उबेसाठी डाउनपेक्षा जड असतात, जास्त जागा घेतात आणि वारंवार दाबले गेल्याने काही वर्षांत बसून जातात, पण भिजल्यावरही बरीचशी ऊब राखतात. आपल्या धनगरांची घोंगडी ज्या कारणाने पावसात उपयोगी पडते, ते कारण इथेही लागू आहे: ओला झाला तरी लोकरीचा तंतू लोळागोळा होत नाही आणि मधली हवा पूर्णपणे निघून जात नाही.

म्हणून प्रश्न थंडी किती आहे यापेक्षा ती कोरडी आहे की ओली, हा असतो. डिसेंबरअखेरीस गढवालमध्ये उणे तापमानात पडणारे बर्फ कोरडे, भुसभुशीत असते. ते जॅकेटवर पडले तर झटकता येते. अशा थंडीत डाउन उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये त्याच वाटेवर शून्याच्या आसपास ओले बर्फ पडते, दुपारी पाऊसही येतो, आणि तेव्हा मी स्वतः सिंथेटिक नेतो. स्कॉटलंडच्या डोंगरांची थंडी तर मुळातच ओली. बेन नेव्हिसची उंची १,३४५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही कमी, पण हिवाळ्यात तिथे एकाच दिवसात पाऊस, गारा, बर्फ आणि जोरदार वारा हे सगळे अनुभवायला मिळते आणि तापमान शून्याच्या वर-खाली घुटमळत राहते. तुमच्या भावाने साधारण १०० ते १३० ग्रॅम प्रति चौरस मीटर भरणाचे, टोपी असलेले सिंथेटिक जॅकेट घ्यावे, आणि खरा खर्च त्यावरच्या जलरोधक कवचावर करावा. तुमच्या दोघांच्या डाउन जॅकेटांना पाण्यापासून जपण्यासाठी सॅकमध्ये ते जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि सकाळी तंबूच्या आतल्या कापडावर साचलेले दव त्याला लागू देऊ नका. पाणी न शोषणारी प्रक्रिया केलेले डाउनही मिळते. ते दमटपणा थोडा अधिक सोसते, पण पावसात ते घालून चालता येईल असा त्याचा अर्थ नाही.

शिवणीकडेही पाहावे. बहुतेक हलक्या जॅकेटांत बाहेरचे आणि आतले कापड आरपार शिवून कप्पे पाडलेले असतात. त्या शिवणीच्या रेषेवर भरण नसते आणि तिथून थंडी आत येते. महागड्या जॅकेटांत दोन कापडांच्या मध्ये उभ्या पट्ट्या लावून पेटीसारखे कप्पे करतात, त्यात असे गार पट्टे राहत नाहीत. केदारकंठासाठी आरपार शिवलेले चालेल, कारण वारा सुटला तर तुम्ही वरून कवच घालणारच आहात. मात्र त्यासाठी कवच जॅकेटवर चढेल एवढे मोठे हवे. बाहेरचे कापड १० डेनिअरचे (डेनिअर हे धाग्याच्या जाडीचे माप) अतिशय पातळ असेल तर देवदाराच्या एका फांदीने फाटते. २० ते ३० डेनिअरचे घ्यावे. वजनात थोडीशीच भर पडते आणि जॅकेट काही वर्षे टिकते. चेनच्या मागे आतून भरणाची पट्टी असावी, नाहीतर चेनच्या दातांतून वारा छातीला लागतो. टोपी जॅकेटला जोडलेली असावी, हा माझा आग्रह आहे, कारण वाऱ्यात मान आणि कान उघडे पडले की बाकी कितीही घातले तरी माणूस गारठतो.

माप घेताना दुकानात फ्लीस आणि थर्मल घालूनच जा, पुण्याच्या उकाड्यात ते विचित्र वाटले तरीही. दोन्ही हात वर केले असता जॅकेट कमरेच्या वर सरकू नये, खाली बसल्यावर पाठ उघडी पडू नये, हातमोजे घालून चेन लावता-काढता यावी, आणि कानटोपीवरून जॅकेटची टोपी सहज बसावी. खांद्यावर किंवा पाठीवर ते ताणले जात असेल तर भरण दाबले जाते आणि तेवढ्या जागी ते निरुपयोगी होते. आईंसाठी स्त्रियांच्या मापातले घेताना ही अडचण हमखास येते, कारण ती जॅकेटे बरीच अंगासरशी बेतलेली असतात. त्यांच्या नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठे घालून पाहा, आणि तरीही खांद्यात अडत असेल तर पुरुषांचे लहान माप घ्यायला संकोच करू नका.

पैशांचा प्रश्न तुम्ही मोकळेपणाने मांडलात, म्हणून तितक्याच मोकळेपणाने सांगतो. यानंतर पुन्हा बर्फात जाण्याचा आईंचा विचार नसेल, तर त्यांचे जॅकेट विकत घेण्याची गरज नाही. सांक्रीत भाड्याने जॅकेटे मिळतात. ती बहुधा जाड सिंथेटिक भरणाची आणि जड असतात, पण ओझे उचलायला खेचर किंवा पोर्टर घेणार असाल तर वजनाची फार चिंता नको. मात्र आदल्या दिवशी दुपारीच जाऊन, चेन खालपासून वरपर्यंत दोनदा लावून पाहून आणि माप बघून ते घ्या. संध्याकाळी सगळे गट एकदम येतात आणि उरलेली जॅकेटे पदरात पडतात. वाचलेल्या पैशांतून त्यांच्यासाठी चांगले हातमोजे आणि दोन जोड लोकरी मोजे घ्या. गारठल्याची पहिली तक्रार बहुतेकांची हातापायांचीच असते, छातीची नसते.

आणि मुक्कामावर शेकोटी पेटली तर डाउन जॅकेट घालून तिच्याजवळ बसू नका. नायलॉनला एक ठिणगी पुरते. भोक पडले तर बाहेर डोकावणारी लव ओढून काढू नका, कारण ती मागून आणखी लव घेऊन येते. आतून चिमटीत धरून मागे ओढा आणि भोकावर चिकटपट्टी लावा.

परत आल्यावरची काळजी महाराष्ट्रातल्या हवेमुळे वेगळी घ्यावी लागते. जॅकेट त्याच्या लहान पिशवीत कोंबून कपाटात टाकले तर लव दबून राहते, आणि पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, त्याला बुरशी धरते. ते सैल, शक्यतो हँगरला लावून ठेवा आणि पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवस सावलीत, वारा लागेल अशा जागी टांगा. धुणे वर्षातून एकदापेक्षा जास्त नको, तेही डाउनसाठीच्या सौम्य साबणाने, समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये. नेहमीच्या डिटर्जंटने लवेतला नैसर्गिक तेलकटपणा निघून जातो. ओले जॅकेट दोरीवर टांगू नका, पाण्याच्या भाराने आतले कप्पे फाटतात. ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन टेनिसच्या चेंडूंबरोबर फिरवले की गोळे सुटतात. यात तीन-चार तास सहज जातात, आणि शेवटचा ओलसरपणा जाईपर्यंत ते थांबवू नये.

निघण्यापूर्वी तुमच्याकडे अजून तीन-चार शनिवार-रविवार आहेत. त्यातल्या एका रात्री दोघेही कळसूबाईला जा. पहाटे तीनच्या सुमारास बारी गावातून चढायला लागा, थर्मल आणि फ्लीसवर चाला, जॅकेट सॅकमध्ये वर ठेवा, आणि माथ्यावर पोहोचताच ते चढवून उजाडेपर्यंत देवळाजवळ वाऱ्यात बसून राहा. तिथली थंडी केदारकंठाच्या जवळपासही जाणारी नाही, पण चढताना तुम्हाला कुठे घाम येतो, जॅकेट अंधारात किती वेळात बाहेर निघते, आणि अर्धा तास बसल्यावर आईंची बोटे आधी गारठतात की पाठ, हे सगळे तिथे कळेल. तिथे जे कमी पडेल ते मला कळवा; सांक्रीला जाण्यापूर्वी ते बदलण्याइतका वेळ हातात आहे.